विहिणीचा मान

पार्ल्यात ज्यांची मुलं परदेशी आहेत अशा आईबापांचे नीलाताईंनी दोन वर्ग पाडले होते. पहिला वर्ग मुलाने हाक मारली की धावत सुटणाऱ्यांचा. सुनेचे दिवस भरत आले की ही मंडळी भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्या बांधून विमानात बसतात, सहा महिने तिकडे दुपटी धुतात, भांडी विसळतात आणि परत येऊन बागेतल्या बाकावर धबधब्याचे फोटो दाखवत बसतात. नीलाताई त्यांना फुकटच्या आया म्हणत, तोंडावर नव्हे, पण पाठ फार वळायच्या आतच. दुसरा वर्ग मानाने बोलावलं तरच जाणाऱ्यांचा. या वर्गात त्या एकट्याच होत्या, आणि त्यांना अजून कुणी बोलावलं नव्हतं.

जायचं मात्र त्यांना होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नीलाताई स्वतः ते कधी सांगणार नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा देवव्रत बरीच वर्षं कॅनडात, कॅल्गरीला होता. त्याने घर घेतलं तेव्हा फोनवरून सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या होत्या. खालच्या मजल्यावर एक जास्तीची खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. तिथे देव कुठे ठेवायचे, खाट कुठल्या भिंतीला लावायची, हे नीलाताईंनी त्याच दिवशी मनात ठरवून टाकलं. पुढच्या महिन्यात दोन मोठ्या तपकिरी बॅगा आल्या आणि बेडरूमच्या दारामागे उभ्या राहिल्या. विद्याधररावांसाठी, म्हणजे यजमानांसाठी, लोकरीची कानटोपीही आली. ती त्यांनी एकदा पंख्याखाली बसून घालून पाहिली आणि कान शिजले म्हणून काढून ठेवली.

एवढी तयारी होती. उणीव होती ती फक्त कुणीतरी आग्रह करण्याची.

सून श्वेता नाहूरची. नाहूर नावाचं स्टेशन आहे हे आपल्याला लग्न ठरल्यावर कळलं, असं नीलाताई चारचौघांत सांगत. ते खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटे. श्वेताचे वडील लवू परब गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे तेही गेले. आई सुलक्षणा घरी डबे करून विकायची. त्या डब्यांवर तिने श्वेताला इंजिनीअर केलं आणि धाकट्या राजेशला कामाला लागेपर्यंत पोसलं. यात कौतुक करण्यासारखं काही असेल तर ते नीलाताईंच्या डोळ्यांत भरलं नाही. त्यांच्या डोळ्यांत भरलं ते तिचं मालवणी बोलणं, मोठ्याने हसणं, आणि पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा हाताला येणारा सुरमईचा वास. त्या दिवशी सुलक्षणाने सुरमईला हातही लावला नव्हता, पण नीलाताईंना वास आला.

लग्न मुलुंडच्या एका हॉलमध्ये झालं. जेवणाची वेळ झाली तरी वरमाई खोलीतच बसून. विहिणीच्या पंगतीला विहिणीला सन्मानाने बोलवायला यावं लागतं, कुंकू लावून, अक्षत देऊन, वाजतगाजत नसलं तरी निदान वाकून. हे मुलीकडच्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी देवव्रतनेच कुणाच्या तरी कानात सांगितलं, तेव्हा सुलक्षणा स्वतः तबक घेऊन धावत आली. तिने कुंकवाला बोट लावलं आणि नीलाताईंनी तोंड फिरवलं.

"तुम्ही नका," त्या म्हणाल्या. "एखादी सवाष्ण पाठवा."

खोलीत आठ-दहा बायका होत्या. सुलक्षणाचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिने ते पदराला पुसलं आणि, "व्हय, चुकलाच माझा," असं म्हणून ती परत गेली. सवाष्ण शोधून आणेपर्यंत पंगत ताटकळली. भात गार झाला, भटजी चुळबुळू लागले, पण विहीण येऊन बसल्याशिवाय कुणी घासाला हात लावला नाही. या प्रसंगाची नीलाताईंना कधी लाज वाटली असेल असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. आपल्यासाठी दोनशे माणसं कशी खोळंबली होती, हे त्या पुढे वर्षभर सांगत होत्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये देवव्रतचा फोन आला. श्वेताला दिवस गेले होते, नोव्हेंबरच्या अखेरीची तारीख होती. आनंदीआनंद झाल्यावर तो मुद्द्यावर आला. त्या दोघांच्या पगारावर सध्या एकाच बाजूच्या माणसांची हमी सरकारकडे देता येत होती, आणि खोलीही एकच होती. आईबाबांनी आता यावं, बाळंतपण होईपर्यंत कागदपत्रं होतील, आणि मग कायमचं तिथेच राहायचं बघू, असं त्याचं म्हणणं होतं.

याच फोनची नीलाताई इतकी वर्षं वाट बघत होत्या. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. एकदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की बघू म्हणायचं, तिसऱ्यांदा समोरच्याने हाताला धरलं की उपकार केल्यासारखं उठायचं. श्रीखंडाची वाटी असो की मुलाचं घर, रीत तीच. शिवाय बाळंतपण म्हणजे रात्रीची जागरणं आणि ढीगभर कपडे. ते करायला मुलाकडच्यांनी जायचं म्हणजे त्या बाकावरच्या आयांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलाकडचे. तुझ्या सासूबाईंना विचार."

"नक्की ना, आई?"

हे दुसरं विचारणं झालं. इथे बघू म्हणायला हवं होतं, पण तोऱ्यात नीलाताईंची एक पायरी चुकली. "नक्की म्हणजे काय? रीतच आहे ती," असं त्या म्हणून बसल्या, आणि फोन कानाला लावून तिसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिल्या.

"बरं," देवव्रत म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क सुटका होती. तिकडे राहून त्याला नको म्हणजे नको अशी समजूत जडली होती. इकडच्या तिकडच्या चौकशा करून त्याने फोन ठेवला.

विद्याधररावांनी सगळं ऐकलं होतं. आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि येते म्हणून सांग, असं त्यांनी सुचवलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी दिलेला हा बहुधा सगळ्यात शहाणपणाचा सल्ला होता, आणि इतर सल्ल्यांचं जे झालं तेच त्याचंही झालं. मी कशाला लावू, उद्या तोच करेल झक मारत, असं नीलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला हे खरं. सुलक्षणाकडे एवढ्या प्रवासाची मोठी बॅग नव्हती. आईकडच्या दोन पडूनच होत्या, त्यातली एक देता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

बॅग न्यायला सुलक्षणा ऑक्टोबरात राजेशला घेऊन आली. सोफ्याच्या कडेला टेकली, चहा बशीत ओतून प्यायली, आणि विहीणबाईंनी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हात जोडून बसली. नीलाताईंनी चाराच्या चौदा सांगितल्या. मासे तळायचे नाहीत, भिंतींना वास लागतो आणि पोलीस येतात. मोठ्याने बोलायचं नाही. इंग्रजी येत नसेल तर बोलायला जायचंच नाही. आणि सहा महिने झाले की आपणहून निघायचं, मुलांच्या संसारात घर करून राहू नये. सुलक्षणा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत होती. ती जिना उतरता उतरता विद्याधररावांनी आतून कानटोपी आणली आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवली. नीलाताईंनी ते पाहिलं आणि नवऱ्याच्या अकलेची कीव केली.

मग त्या वाट बघू लागल्या. कशाची, ते बाकावरच्या बायकांना त्यांनी बिनदिक्कत सांगितलं होतं. बाईला थंडी सोसायची नाही, भाषा यायची नाही, आपल्या मुलाचं आणि तिचं पटायचं नाही. महिना, फार तर दोन महिने. सासू घराबाहेर पडली की मग मुलाला आई आठवते, असा त्यांचा हिशेब होता.

नोव्हेंबरात मुलगा झाला. नीलाताईंनी पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर हा हिशेबही वाटला.

डिसेंबरात हवी ती बातमी आली. सुलक्षणाने बाळाला न्हाऊ घातल्यावर आपल्याकडे देतात तशी ओवा आणि बाळंतशेपांची धुरी दिली. घरातला आगीचा भोंगा बोंबलायला लागला, बाहेर हिमवर्षाव, आणि दहा मिनिटांत दारात लाल बंब उभा. नीलाताईंनी ही हकीगत बागेत अशी रंगवली की बंब एकाचे तीन झाले. आता मात्र बाईची पाठवणी नक्की, असं त्यांनी जाहीर केलं.

पण पुढच्या फोनवर देवव्रत हसून सांगत होता की बंबवाल्यांनी बाळाला पाहिलं, शेपांचा वास घेतला, आणि सुलक्षणाने त्यांना डिंकाचे लाडू दिले. शेजारची फिलिपिनो नर्स चौकशीला आली ती आता रोज येते; तिला बाळाला तेल लावायला शिकायचं आहे. भाषेचं काय करता म्हणून विचारलं तर, तेल लावायला कसली भाषा, असं उत्तर आलं. नीलाताईंनी नाक मुरडलं. इतक्या लांब विमानाने जाऊन शेवटी तिथेही आयाच झाली, असं त्या म्हणाल्या. या वेळी विद्याधररावांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात श्वेताने फोन न्हाणीघरात नेऊन बाळाची अंघोळ दाखवली. सुलक्षणा कॅल्गरीच्या त्या पांढऱ्या फरशीवर पाय पसरून बसली होती, डोक्याला विद्याधररावांची कानटोपी, आणि पायांवर पालथं घातलेलं एवढंसं उघडं पोर. ती हाताची ओंजळ करून त्याच्या पाठीवर पाणी सोडत होती आणि त्याला मालवणीत काहीतरी भलतंसलतं सांगत होती. पोर रडत नव्हतं. नीलाताईंच्या मांड्यांना त्याचं वजन जाणवलं, इतकं स्पष्ट, की त्यांना ते सोसेना. त्यांनी फोन विद्याधररावांच्या हातात दिला आणि भाजी लागेल म्हणून आत गेल्या. गॅस बंदच होता. त्या ओट्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि बाहेर येऊन पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की पाणी फार गरम घेते ती.

फेब्रुवारीत देवव्रतने सांगितलं की सुलक्षणाचं तिकडचं राहणं ते आता पक्कं करत आहेत. नाहूरला राजेशचं लग्न ठरतंय, जागा लहान, ती एकटी. इथे बाळाला तिची सवय झाली आहे आणि श्वेताला कामावर परत जायचं आहे. सगळं अगदी व्यवस्थित मांडलं त्याने. आईबाबांनी पुढच्या उन्हाळ्यात महिनाभर फिरायला यावं, डोंगर फार सुंदर आहेत तिथले, असंही म्हणाला.

फिरायला. पोटच्या पोराच्या घरी फिरायला. पूर्वेच्या खिडकीची खोली नीलाताईंच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्यात ठरलेल्या भिंतीलाच खाट होती, फक्त खाटेवर दुसरीचं अंथरूण होतं.

"डोंगर इकडेही आहेत," त्या म्हणाल्या. तेव्हा देवव्रतने, मुलगा असूनही, एकदा नीट विचारलं.

"आई, तुला यायचं होतं का गं?"

हे तिसरं विचारणं होतं. आठ महिने उशिरा आलं, पण आलं. विद्याधररावांनी हातातला पेपर खाली ठेवला. हो म्हण, हो म्हण, असं ते डोळ्यांनी सांगत होते. नीलाताईंना हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे त्या परबीणबाईच्या मागे रांगेत उभं राहायचं, आणि रांगेत उभं राहायची सवय त्यांना नव्हती.

"आम्हाला? छे," त्या म्हणाल्या. "पार्लं सोडून कोण येतंय त्या बर्फात. आणि अशी कामं त्यांनाच जमतात."

 बारसं मार्चमध्ये करतोय, एवढं देवव्रत म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ. नीलाताई पहाटे उठल्या, न्हाल्या, पैठणी नेसल्या, नथ घातली, आणि साडेसहाच्या ठोक्याला अंबाड्यावर गजरा माळून फोनसमोर बसल्या. विद्याधरराव झब्बा घालून बाजूला. खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल वाजत होती. असला थाट करून फोनसमोर बसणाऱ्या बाईला त्या स्वतः किती हसल्या असत्या, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

पलीकडे घर माणसांनी भरलं होतं. पाळणा सजवला होता. देवव्रतने फोन हातात धरून सगळ्यांना नमस्कार घडवला. तेवढ्यात सुलक्षणा पुढे आली. अंगावर साधीच साडी, पण नवी. तिने जावयाच्या हातातून फोन घेतला आणि नीट समोर धरून म्हणाली, विहीणबाई, तुमी मुलाकडचे, तुमच्या मानाशिवाय पाळण्याक कोण हात लावूचो नाय.

आणि खरोखर कुणी लावला नाही. हॉलच्या मधोमध खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शाल घातलेली, भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. सुलक्षणाने फोन त्या खुर्चीत उशीला टेकवून बसवला.  तिने तबक आणलं, करंड्याचं झाकण काढलं, आणि मग दोन पावलं मागे सरली.

"श्वेता, तू लाव गो," ती म्हणाली. "मी लावलेला त्यांका चालत नाय."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर नीलाताईंना बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. टोमणा नव्हता. लग्नात शिकवलेला धडा तिने चांगल्या विद्यार्थिनीसारखा पाठ ठेवला होता, आणि पाळलाही. देवव्रत खाली बघत होता. श्वेताने वाकून फोनच्या काचेवर, वरच्या बाजूला, नेमकं कॅमेऱ्यावर, कुंकवाचं बोट टेकवलं. पार्ल्यात नीलाताईंच्या समोरचं अर्धं जग लाल झालं. मग फोनसमोर खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळांनी ओटी भरली. आलेल्या बायकांनी, त्यात ती फिलिपिनो नर्सही, एकेक करून खुर्चीला नमस्कार केला. काही म्हणजे काही राहिलं नाही. इतका मान नीलाताईंना उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता.

"लावू द्यायचं होतंस त्यांना," विद्याधरराव हळूच म्हणाले. ते आजचं बोलत होते की लग्नातलं, ते नीलाताईंनी विचारलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं होतं. तुम्हीच लावा हो, असं काहीतरी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात बाळ रडलं आणि सगळे पाळण्याकडे धावले. कुणाचा तरी धक्का खुर्चीला लागला. उशी घसरली, फोन उताणा पडला. कुंकवाच्या लाल धुरकट डागातून आता फक्त छत दिसत होतं आणि एक दिवा. कुर्रर्र ऐकू आलं. चैतन्य ठेवलं म्हणे नाव. मग पाळणा म्हणणाऱ्या बायका, आणि त्या सगळ्यांच्या वर सुलक्षणाचा मोठा, गावंढळ, आनंदी आवाज.

नीलाताईंनी एकदोनदा "देवू" अशी हाक मारली. छतावर काही हललं नाही.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. खुर्च्या सरकल्या, ताटं वाजली. चहा टाकू का, आता बंद कर तो फोन, असं विद्याधरराव म्हणाले. नीलाताईंनी पदर नीट केला आणि नथ चाचपली.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "मानाच्या माणसाने आपणहून उठायचं नसतं. बोलवायला येईल कुणीतरी."

तिकडे वाढायला सुरुवात झाली. कुणीतरी कुणालातरी आग्रह करत होतं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मंडळी हसत होती. या वेळी पंगत कुणासाठी थांबली नाही.